फळांची यादी

"मॅडम, खाली बार्शीहून एक जण आलेत. एस. रिसबूड साहेबांना भेटायचंय म्हणतात."

"साहेबांना?"

रिसेप्शनवरची मुलगी फोनवर हसली. "मी सांगितलं त्यांना, मॅडम आहेत म्हणून. तर म्हणाले, चालेल."

गोष्ट २०१० सालच्या सप्टेंबरातली. आमचं ऑफिस बाणेरला होतं, चौथ्या मजल्यावर. बार्शीत माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. मी खाली गेले तेव्हा सोफ्याच्या अगदी कडेवर एक चाळिशीचा माणूस बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, प्रवासात चुरगळलेला. मांडीवर प्लास्टिकची फाईल. मला पाहून तो घाईनं उठला.

"मी नागनाथ कानडे. सॉफ्टवेअरचं करतो, बार्शीत. तुमचं नाव फाईलच्या पहिल्या ओळीत असतं ना, एस. रिसबूड. पाच वर्षं झाली वाचतोय. एस म्हणजे शलाका असेल असं काही डोक्यात आलं नाही."

हे खरं होतं. आमची कंपनी डेस्कटॉप कॉम्प्युटरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम बनवायची. त्या सिस्टिमसाठी बाहेरचे लोक प्रोग्राम लिहायचे, आणि त्यांना वाट दाखवायला आम्ही नमुने द्यायचो. कागद कसा छापायचा, फाईल कशी जपून ठेवायची, यादी कशी दाखवायची. प्रत्येक नमुना छोटा, पण पूर्ण. उचलून आपल्या प्रोग्रामात ठेवला की चालायलाच हवा. सहा वर्षांत मी असे चाळीसेक लिहिले होते. वर माझं नाव, आणि खाली बारीक अक्षरात, हा नमुना केवळ शिकण्यासाठी आहे, त्याची कोणतीही हमी नाही. ती खालची ओळ कुणी वाचत नसे. मीही कधी पूर्ण वाचली नव्हती.

मी त्यांना कँटीनमध्ये नेलं. चहा समोर आला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

"मी बी.कॉम. आहे, मॅडम. सोलापूरला क्लासला जायचो. तिथं जेवढं शिकवलं नाही तेवढं तुमच्या नमुन्यांवरून शिकलो. आमच्याकडं चार दुकानं, एक शाळा आणि एक पॅथॉलॉजी लॅब माझ्या प्रोग्रामवर चालतात." ते थांबले. "चालत होती."

"काय झालं?"

"बाई गेली एक."

त्यांनी फाईल उघडली. वर दोन रिपोर्ट होते, शेजारी शेजारी ठेवलेले.

"लॅबमध्ये दोन कॉम्प्युटर आहेत. पुढच्यावर एक मुलगी येणाऱ्यांची नावं घालते. आतल्यावर शशिकलाताई रिपोर्ट छापतात. शशिकला थोरबोले. अठरा वर्षं आहेत त्या लॅबमध्ये. ऑगस्टच्या शेवटी आमच्याकडं डेंग्यूची साथ होती, दारापर्यंत गर्दी. ही जयश्री लोकरे, सव्वीस वर्षांची. मशिनच्या पट्टीवर हिच्या प्लेटलेट अठरा हजार आहेत. तपासणी बरोबर. कॉम्प्युटरमध्येही अठरा हजारच. आणि हा कागद बघा."

कागदावर जयश्री लोकरे हे नाव होतं आणि आकडा दोन लाख दहा हजार.

"हा आकडा हिचा," त्यांनी दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. तिथे गिरिजा नावाच्या कुणा बाईचा रिपोर्ट होता. दोन लाख दहा हजार. "यादीत जयश्रीच्या वरचं नाव. जयश्रीचा कागद बघून डॉक्टर म्हणाले, साधा ताप आहे, घरी जा. तिसऱ्या दिवशी तोंडातून रक्त यायला लागलं. सोलापूरला नेताना वाटेतच गेली."

मी दोन्ही कागद जवळ ओढले.

"पोलीस म्हणतात, बाईनं गडबडीत भलत्याच ओळीवर दाबलं. हलगर्जीपणानं मृत्यू. केस ताईंवर आहे. पण भलत्या ओळीवर दाबलं असतं तर नावही भलतंच आलं असतं ना? ताई एकच सांगतात, मी जयश्रीवरच दाबलं होतं, तिचं नाव समोर आलं, मग छापलं. माझा विश्वास आहे त्यांच्यावर. चूक प्रोग्रामात आहे. म्हणजे माझी आहे. फक्त कुठं आहे ते मला सापडत नाही."

त्यांनी पुढची पानं माझ्याकडे सरकवली. त्यांच्या प्रोग्रामचा तो भाग होता. मला पहिल्याच ओळीला ओळख पटली. कोड माझा होता. माझीच मांडणी, माझ्याच मोकळ्या ओळी. यादी दाखवायचा नमुना लिहिताना मी बारा फळांची यादी केली होती. आंबा, केळं, चिकू, डाळिंब. त्या यादीला मी 'फ्रूटलिस्ट' नाव दिलं होतं. कानडेंनी ते नावही बदललं नव्हतं. पेशंटांची यादी त्यांच्या प्रोग्रामात फ्रूटलिस्टच होती, आणि निवडलेला पेशंट म्हणजे 'सिलेक्टेड फ्रूट'.

"बदलायला हवं होतं," ते ओशाळून म्हणाले. "पण चालत होतं, म्हणून हात लावला नाही."

मी ती पानं पुन्हा वाचली नाहीत. गरजच नव्हती. माझा नमुना कुठली ओळ निवडली त्याचा क्रमांक लक्षात ठेवायचा. आठव्या ओळीवर दाबलं की आठ. आठव्या ओळीवर कोण आहे, हे तो लक्षात ठेवत नसे. बारा फळांची यादी कधी हलत नाही, त्यामुळे तिथे काही बिघडायचं नाही. पण लॅबमधली यादी अक्षरक्रमानं लागायची आणि सारखी हलत होती. पुढच्या कॉम्प्युटरवर 'अ'पासून सुरू होणाऱ्या नावाची एखादी नवी बाई आली, की यादीतले सगळे एकेक ओळ खाली सरकत. आठवर असलेली जयश्री नऊवर जाई आणि आठवर वरची गिरिजा येई. शशिकलाबाईंनी जयश्रीवर दाबलं, तिचं नाव कागदाच्या डोक्यावर बसलं. छापायचं बटण दाबेपर्यंत पुढच्या कॉम्प्युटरवर नवं नाव पडलं. प्रोग्रामनं आठव्या ओळीचे आकडे उचलले.

मी टिश्यू पेपर घेतला आणि त्यावर बारा ओळी आखून हे सगळं त्यांना दाखवलं. ते वाकून बघत होते. मधेच त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, स्वतः एक नाव वर घातलं आणि बाकीची खाली सरकवली. मग पेन खाली ठेवलं.

"म्हणजे ताई चुकल्या नाहीत."

"नाही."

"मॅडम, हे असंच लिहून द्या मला. चार ओळी. तुमचं नाव, कंपनीचा शिक्का. माझं पुढं काय व्हायचं ते होऊ दे."

"तुम्ही प्रोग्राम चालवून दाखवलात तर? दोन कॉम्प्युटर लावून?"

"कुठं दाखवू? लॅबच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच आठवड्यात दोन्ही कॉम्प्युटर पुसून टाकले. दुसऱ्याचा प्रोग्राम घातला. माझ्याकडं जी प्रत आहे ती मी नंतर बदलली असेल, बाईला वाचवायला, असं म्हणतात. काय काय म्हणतात ते तुमच्यासमोर बोलायला नको. ताईंना नवरा नाही, मी भेटायला जातो, एवढं गावाला पुरतं." त्यांनी फाईलच्या कडेवरून बोट फिरवलं. "पण तुमचं पान तर मी बदलू शकत नाही ना? तुमच्या साइटवरचा नमुना आणि माझा कोड अक्षर न् अक्षर एक आहे. पोलिसांनी आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या एका सरांना तपासायला नेमलंय. त्यांना मी पानाची छापील प्रत दिली. ते म्हणाले, छापील कागद कुणीही तयार करील, शुक्रवारी मी स्वतः पान उघडून बघतो. त्याच्यासोबत तुमचं पत्र असलं की झालं."

तो सोमवार होता.

"देते," मी म्हटलं. "दोन दिवस द्या मला."

मग त्यांनी चहा प्यायला. गार झालेला, एका दमात. जाताना दारापाशी थांबून म्हणाले, "तुमची ती छपाईवरची फाईल फार सुंदर आहे हं. तशी साधी मांडणी कुणाला जमत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुप्त्यांकडे गेले. निरंजन गुप्ते आमचे मॅनेजर. वाईट माणूस नव्हे. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी मला महिनाभर घरून काम करू दिलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पत्र लिहून झालंय?"

"हे आणलंय."

त्यांनी वाचलं आणि टेबलावर उपडं ठेवलं. "शलाका, हे पत्र गेलं की आपल्या प्रत्येक नमुन्याची जबाबदारी आपण घेतली असं होतं. साडेतीन हजार नमुने आहेत. खाली काय लिहिलंय आपण?"

"ते मला माहितीय. पण त्या बाईंची काहीच चूक नाही."

"मग ते कोर्ट बघेल ना." त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. "थांब. या नमुन्यावर आधी काही आलं होतं का बघू."

मला तेव्हाच कळलं ते काय शोधतायत, आणि त्यांना काय सापडणार. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

आठ महिन्यांपूर्वी, जानेवारीत, ब्राझीलमधल्या कुणा वाचकानं कळवलं होतं. यादी चालू असताना नवी नोंद आली तर निवड चुकीच्या ओळीवर राहते, कृपया दुरुस्त करा. खाली माझं उत्तर. "हा नमुना यादी दाखवण्याची पद्धत शिकवतो, बदलत्या यादीसाठी नाही. दुरुस्ती केल्यास नमुना अकरा ओळींनी लांबेल आणि समजायला अवघड होईल." त्याखाली शेरा, बदलाची गरज नाही. तक्रार बंद. एस. रिसबूड.

मी ते विसरले नव्हते. कँटीनमध्ये टिश्यू पेपरवर ओळी आखताना मला ती तक्रार डोळ्यासमोर दिसत होती. कानडेंना मी ते सांगितलं नव्हतं, एवढंच.

"तू पत्र दिलंस की पहिला प्रश्न येईल, तुम्हाला कधी कळलं," गुप्ते म्हणाले. "आणि मग हे बाहेर काढावं लागेल. कंपनी एक वेळ तरून जाईल. तुझं मी सांगू शकत नाही."

"मग मी काय करू?"

"आता कळलंय ना चूक आहे? दुरुस्त कर. उद्या आणखी कुणी उचलायला नको तो नमुना. ते तरी आपल्या हातात आहे." ते खुर्चीत मागे टेकले. "आणि त्या गृहस्थांना सांग, कंपनीच्या धोरणात बसत नाही."

दुरुस्ती मी बुधवारी दुपारी केली. अकरा ओळी. ओळीच्या क्रमांकाऐवजी निवडलेल्या नोंदीची स्वतःची खूण लक्षात ठेवायची. तीन वेळा तपासली, यादीत वर, खाली, मधे नावं घालून बघितली. आंबा निवडला की आंबाच राहत होता. चार वाजता मी ते पान साइटवर चढवलं. जुन्याच्या जागी नवं बसलं. शुक्रवारचं मला आठवत होतं.

शुक्रवारी अडीचच्या सुमाराला फोन आला.

"मॅडम, नागनाथ बोलतोय, बार्शीहून. ते पान बदललंय का हो?"

"हो. आम्ही सुधारणा करत असतो अधूनमधून."

"सरांनी आत्ता माझ्यासमोर उघडलं. त्यात नोंद लक्षात ठेवलीय, ओळ नाही. सर म्हणतात, कंपनीचा नमुना बरोबर आहे, तुम्हीच तोडमोड करून घेतलाय." त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट ते सावकाश बोलत होते, शाळेत उत्तर देणाऱ्या मुलासारखे. "मी म्हटलं, सोमवारी वेगळं होतं. सर हसले. काही हरकत नाही. जुनं तुमच्याकडं असेलच ना? तारीख घातलेलं? तेवढं पाठवा. पत्राचं मागाहून बघू."

आमच्याकडे प्रत्येक नमुन्याची प्रत्येक आवृत्ती होती, पहिल्या दिवसापासून. माझ्यासमोरच्या स्क्रीनवर ती यादी उघडी होती. बुधवार, चार वाजून दोन मिनिटं. त्याच्या खाली जुनी.

"जुनं आम्ही ठेवत नाही," मी म्हटलं.

पलीकडे मागे कुठेतरी रिक्षाचा हॉर्न वाजत होता.

"ठेवत नाही?"

"नाही. आणि पत्राचं म्हणाल, तर ते आमच्या धोरणात बसत नाही. सॉरी."

"बरं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "टिश्यू पेपर आहे माझ्याकडं. पण त्याच्यावर तुमची सही घ्यायची राहिली."

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. खरोखरच राहिली असं ते म्हणत होते. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये गेले, तोंड धुतलं आणि परत येऊन मेनूवरच्या नमुन्याचं काम पुढे सुरू केलं. संध्याकाळच्या बैठकीला वेळेवर हजर होते.

दोन वर्षांनी त्यांचा मेल आला. दोनच वाक्यं. "शशिकलाताईंना एक वर्षाची शिक्षा झाली. प्रोग्राम माझा होता आणि चूक माझी होती असं मी कोर्टात सांगितलं, पण ते ग्राह्य धरलं नाही." खाली नाव. मी उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा घेतलं. शेवटी पाठवलं नाही.

ती कंपनी मी २०१७ मध्ये सोडली. सोडायच्या आधी जुन्या आवृत्तीची प्रत काढली, जानेवारीतली ती तक्रार आणि माझं उत्तर काढलं, आणि सात वर्षांपूर्वी लिहायचं होतं ते पत्र लिहिलं. आता चार ओळींत मावेना, अडीच पानं झाली. खाली सही केली. दुसऱ्या आठवड्यात बार्शीला गेले.

कानडेंच्या ऑफिसच्या जागी मोबाइलची कव्हरं विकायचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, ते गेले गुजरातकडं कुठंतरी, मेव्हण्याकडं. नंबर नव्हता. शशिकलाबाईंचं घर मात्र त्यानं सांगितलं. त्या आता एका डाळमिलमध्ये निवडायला जात होत्या. रविवार होता, म्हणून घरी सापडल्या.

दोन खोल्यांचं स्वच्छ घर. बाई माझ्या कल्पनेपेक्षा लहानखुऱ्या होत्या. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी कोण ते सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, सतरंजी घातली, आणि समोर बसून सगळं ऐकलं. मी कागद काढून पुन्हा त्या ओळी आखल्या. जयश्री आठवर, नवं नाव आलं, गिरिजा आठवर.

"तुम्ही बरोबर दाबलं होतं," मी म्हटलं. "चूक माझ्या कोडमध्ये होती. मला ती आधीच कळवलेली होती. आणि नंतर मी पुरावा पुसला."

त्यांनी तो कागद उचलून डोळ्यांजवळ धरला.

"पण मला तर आठवतंय, मॅडम," त्या म्हणाल्या. "मी वरच्या नावावर दाबलं. गर्दी होती, कुणीतरी आवाज दिला, मी मान वळवली आणि बोट वर गेलं. माझं बोट मला दिसतं."

"ताई, तसं झालेलं नाही. झालं असतं तर नाव गिरिजाचं छापलं असतं. तुम्ही सुरुवातीला पोलिसांनाही हेच सांगत होता."

"सुरुवातीला सांगत होते." त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. "वकील म्हणाले, चुकून झालं म्हणा, शिक्षा कमी होईल. मग कोर्टात म्हटलं. मग अपिलात शिक्षा कमी होईपर्यंत साडेपाच महिने आत होते, तिथं बायका विचारायच्या, काय केलंस. त्यांना सांगायला लागले. सांगता सांगता दिसायला लागलं."

"म्हणूनच मी हे घेऊन आलेय. अजून अर्ज करता येईल. नाव मोकळं होईल तुमचं."

"सुटल्यावर मी जयश्रीच्या आईकडं गेले," जणू माझं बोलणं ऐकूच आलं नाही अशा त्या बोलत राहिल्या. "दारात उभी राहिले आणि म्हटलं, माझ्या हातून झालं. वाटलं, मारेल. ती माझ्या गळ्यात पडून रडली. दर संक्रांतीला येते आता. तिळगूळ घेऊन. म्हणते, तू कबूल तरी केलंस, बाकीच्यांनी तोंड लपवलं." त्यांनी माझे कागद एकावर एक नीट जुळवले आणि माझ्यासमोर ठेवले. "आता तुम्ही म्हणताय, ती मी नव्हतेच. मग तिला कोण सांगणार? मला नाही जमायचं ते. तुम्ही सांगता का? मारुती गल्लीच्या तोंडाला आहे घर. इथून चालत दहा मिनिटं. यावेळी घरीच असते ती."

मी पत्ता लिहून घेतला. गल्लीचं नाव, घराचा रंग, दाराशी असलेलं लिंबाचं झाड, सगळं. त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि हातानं रस्ता दाखवला. डावीकडे वळायचं, मग सरळ.

मी डावीकडे वळले नाही. स्टँडवर गेले. पुण्याची गाडी लागलेली होती.